८.४ आणि ९.१

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ‘उत्कृष्ट विद्यार्थी’ पुरस्काराच्या समितीत माझं नाव आलं. विज्ञान शाखेच्या सगळ्या विभागांची मिळून एकच गुणवत्ता यादी लावायची होती. ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, ए म्हणजे ८. प्रत्येक विषयाच्या श्रेणीला क्रेडिटने गुणायचं, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं, की सीजीपीए तयार.

यादीत ९.१ ची एक मुलगी सर्वांत वर आली. गणिताचा एक मुलगा ८.४ घेऊन बराच खाली. दोघांची गुणपत्रकं शेजारी ठेवली आणि मला काही सुचेना. त्याच्या रिअल ॲनालिसिसच्या वर्गात एकालाही ओ नव्हता. त्याचा ए हाच सर्वांत वरचा. तिच्या ऐच्छिक विषयात निम्म्याहून अधिक वर्गाला ओ. दोन्ही विषय चार-चार क्रेडिटचे. क्रेडिट तास मोजतं. विषय किती घाम काढतो ते मोजत नाही.

“अगं, नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?” विभागातल्या ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या. नियम सारखा होता, आणि त्या मुलीने सांगितलेलं सगळं मन लावून केलं होतं. तिचं यश कमी लेखायचा मला काय अधिकार?

मग वर्गातल्या ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी द्यावी का? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये ए श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं ठरवलं आणि २०१४ मध्ये ते सोडून दिलं. आमच्याकडे एखाद्या विषयाला सहाच मुलं असतात, सहाही हुशार. त्यांतल्या चौघांना मुद्दाम खाली ढकलणं मला तरी जमणार नाही.

मला पटली ती व्हॅलेन जॉन्सन या संख्याशास्त्रज्ञाची कल्पना. एकच विद्यार्थी अनेक विषय घेतो. त्याच्याच श्रेणी एकमेकींशी ताडल्या, तर कुठे हात सढळ आणि कुठे आखडता ते समजतं. ड्यूक विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९९७ मध्ये ती मतदानाने नाकारली. मी आमच्या यादीवर ती ढोबळपणे लावून पाहिली. रिअल ॲनालिसिसमध्ये बी प्लसवर अडकलेल्या मुलांपैकी ज्यांनी तो ऐच्छिक विषय घेतला होता, त्या जवळजवळ सगळ्यांना तिथे ओ होता. मुलं तीच होती!

समितीने पुरस्कार सीजीपीएवरच दिला. पण गुणपत्रकावर प्रत्येक श्रेणीशेजारी वर्गाची मध्यक श्रेणी छापावी, असा अर्ज मी परीक्षा विभागाकडे दिला आहे. अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज ती छापतं. यात धोकाही आहे. तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून मध्यक श्रेणी संकेतस्थळावर टाकल्या, तेव्हा मुलं सढळ गुणांच्या विषयांकडे वळू लागल्याचं तिथल्या अभ्यासकांना आढळलं. २०११ मध्ये ते बंद झालं. म्हणून अर्जात एक ओळ वाढवली: मध्यक गुणपत्रकावर असावा, विषय निवडायच्या यादीत नको.