गोंडपिपरीतलं पांढरं अस्वल

संपादकांचा निरोप आला : मुलांना हवामान बदल कसा समजावून सांगावा यावर लिहा, पण तांत्रिक नको. तांत्रिक वगळलं की या विषयात घोषवाक्यं तेवढी उरतात, आणि घोषवाक्यांना मी विटलो आहे. माझी सगळी नोकरी महाविद्यालयात हवामानशास्त्र शिकवण्यात गेली. आता चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या शाळांमधून बोलायला जातो. तेव्हा थोडं तांत्रिक होणारच, वाचकांनी सोसावं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका शाळेने चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं. विषय अर्थातच ‘पृथ्वी वाचवा’. बर्फाच्या तुकड्यावर उभं पांढरं अस्वल, रडणारी पृथ्वी, पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर. पान उलटावं तर पुन्हा तेच. मोहफुलांच्या दिवसांत ज्यांच्या आया अस्वलाच्या धाकाने घोळक्याने जंगलात जातात, ती मुलं उत्तर ध्रुवावरचं अस्वल रंगवत होती. दोष त्यांचा नाही. पुस्तकात तेच, भिंतीवर तेच, मोबाइलवरही तेच.

प्रमुख पाहुण्यांनी मग उपाय सांगितले. नको तिथले दिवे बंद करा, एसी चोवीसवर ठेवा, जवळ जायचं तर गाडी काढू नका. सातवीतली एक मुलगी उठली. ‘‘सर, आमच्या घरी एसी नाही, गाडी नाही. बिल चाळीस युनिटचं येते. मंग आमी काय कमी कराचं?’’ पाहुणे म्हणाले, ‘‘छान प्रश्न!’’ आणि वृक्षारोपणाकडे वळले.

तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याचं उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात आहे. कोळशापासून एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. ते पूर्ण भाराने चालत असेल तर सेकंदाला आठशेवर युनिट तयार होतात. या मुलीच्या घरची महिन्याभराची वीज म्हणजे त्या केंद्राच्या सेकंदाचा विसावा भाग. सातवीच्या मुलांना हा भागाकार येतो. तो करायला लावला की कोणी किती कमी करायचं हे त्यांचं त्यांना दिसतं. पण हे गणित फळ्यावर मांडलं की शिक्षक अस्वस्थ होतात. ‘‘सर, राजकारण नको.’’ भागाकारात राजकारण कुठून आलं?

आता माझ्या आवडीच्या भांडणाकडे येतो. मुलांना विचारा, चंद्रपूर एवढं का तापतं? एका सुरात उत्तर येतं : पॉवर स्टेशनमुळे. पालकही तेच सांगतात, वर्तमानपत्रंही छापतात. मी नाही म्हटलं की मला कंपनीचा माणूस ठरवतात. तर ऐका. केंद्र पूर्ण भाराने चालताना वीज वजा जाता पाच-साडेपाच हजार मेगावॉट उष्णता वाया जाते. मे महिन्याच्या भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर नऊशे ते हजार वॅट ऊन पडतं, म्हणजे एका चौरस किलोमीटरवर हजार मेगावॉटच्या आसपास. केंद्राची सगळी वाया जाणारी उष्णता पाच-सहा चौरस किलोमीटरवरच्या दुपारच्या उन्हाएवढी भरली. चंद्रपूर जिल्हा अकरा हजारांवर चौरस किलोमीटर आहे! शिवाय ब्रह्मपुरी बघा. जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, धानाचा मुलूख, असं केंद्र तिथे नाही. तरी कित्येक दिवस विदर्भातला सर्वांत चढा पारा तिथेच असतो. समुद्र लांब, उंची कमी, वायव्येकडून येणारा कोरडा वारा, पाऊस येईपर्यंत मोकळं आकाश. हा उन्हाळा कोळसा जाळण्याच्या आधीपासूनचा आहे.

म्हणून केंद्र निर्दोष आहे का? मुळीच नाही. राख आणि धूर छातीत जातो तो इथल्याच माणसांच्या, आणि त्यावर बोलायलाच हवं. पण तो हिशोब वेगळा. कार्बन डायऑक्साइडचा तिसराच. तो चंद्रपुरावर घुटमळत बसत नाही. वर्ष-दोन वर्षांत जगभराच्या हवेत मिसळतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं राहतो. आपल्या चिमणीतून गेलेला वायू पेरूच्या हिमनदीवर काम करतो आणि टेक्सासमधला आपल्या धानावर. हे तीन हिशोब मोठी माणसं एकाच पोत्यात कोंबतात. त्यात ओझोनचंही भोक असतं. ‘ओझोनला भोक पडलं, तिथून ऊन आत येतं, म्हणून गरमी’ हे मी मुलांकडून ऐकलं आहे आणि त्यांच्या गुरुजींकडूनही. ओझोन अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला फवाऱ्यांतल्या नि फ्रीजमधल्या वायूंमुळे, आणि १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्या वायूंना आळा बसला. ते प्रकरण वेगळं.

मग हवामान बदलाचं खरं कारण मुलांना कसं सांगायचं? मी रात्रीपासून सुरुवात करतो. ही मुलं उन्हाळ्यात अंगणात झोपतात. कोणती रात्र जास्त उकडते, चांदण्यांची की ढगांची? हात वर होतात : ढगांची. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ढग त्यातली बरीचशी परत पाठवतो. डोळ्यांना न दिसणारा कार्बन डायऑक्साइड हेच करतो. ढगापेक्षा पुष्कळ कमी, पण रोज, सगळीकडे. पाचवीतल्या पोरालाही हे कळतं.

अडतं ते आकड्यापाशी. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. ‘‘एवढंच?’’ असं मुलं विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. सत्तेचाळीस अंश झेलणाऱ्याला सात दशांशाचं काय? सरासरी जराशी सरकली की टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात, आणि हवा एका अंशाने तापली की जवळजवळ सात टक्के जास्त वाफ धरते, हे मी सांगतो. मग २०२२चा पूर निघतोच. वर्धा-वैनगंगेच्या पाण्याखाली बांध्या गेल्या, रोवणी वाहून गेली, हे त्यांनी पाहिलं आहे. तो हवामान बदलामुळेच आला का? एका पुरावर बोट ठेवून मी हो म्हणणार नाही. नदीवर धरणं आहेत, त्यांचे दरवाजे आहेत, ते कधी उघडतात हेही आहे. पाऊस मात्र जोराचा होत चालला आहे. एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, माझंही नाही.

पांढऱ्या अस्वलाऐवजी मी त्यांना अंटार्क्टिकाच देतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तेव्हा ही जमीन अंटार्क्टिकाला चिकटलेली होती. त्या जंगलातल्या ग्लॉसॉप्टेरिस या झाडाची जिभेसारखी पानं आपल्याकडच्या दगडांत उमटलेली आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि सोबती मेले, त्यांच्या तंबूपाशी जे दगड सापडले त्यांतही हेच पान होतं. मरताना माणसांनी ते वजन टाकलं नव्हतं. इथे वर्गात कोणी चुळबूळसुद्धा करत नाही. कोट्यवधी वर्षं जमिनीत दडलेला तो कार्बन आपण शे-दीडशे वर्षांत वर काढला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आणि निसर्ग संरक्षणाचा धडा द्यायला तालुक्याबाहेर जायची गरज नाही. पाचगाव याच तालुक्यात आहे. २०१२ साली त्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने स्वतःचे नियम केले, बांबूची तोड आणि विक्री हाती घेतली, आणि तेंदूपत्ता बंद केला. पत्त्यासाठी खुटकटाई म्हणजे झुडपांची छाटणी होते, कोवळी पालवी यावी म्हणून आगी लावतात. पानं झाडावरच राहिली तर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरतात, ती माणसं खातात नि पाखरंही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पाचगावाबद्दल कौतुकाने लिहिलं आहे.

मी हे रंगवून सांगत असताना पलीकडच्या गावचा एक पोरगा म्हणाला, ‘‘सर, आमच्या जंगलात बांबू नाही. तेंदू सोडला तं बियाण्याले पैसे कुठून?’’ गुरुजी त्याला खाली बसवायला निघाले, मी थांबवलं. पावसाआधी हातात रोख येते ती या पत्त्याचीच, हे खरं आहे. तेवढ्यात एकीने विचारलं, तेंदू तोडायचा पण आग लावायची नाही, असं नाही का चालत? चालतं. मेहनत जास्त पडते. त्या जास्तीच्या मेहनतीची मजुरी ठेकेदाराने द्यावी की ग्रामसभेने, यावर वर्गात जी जुंपली ती मधल्या सुट्टीपर्यंत.