सकाळी गुडघा बदला, संध्याकाळी घरी चला!

सकाळी ऑपरेशन, दुपारी कठडा धरून जिन्याच्या पायऱ्या, संध्याकाळी घरच्या पलंगावर चहा! लोणी काळभोरमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या मला सांधेबदल म्हणजे दवाखान्यातला मुक्काम एवढंच ठाऊक होतं. आता एका सर्जननी त्याच दिवशी घरी सोडायची तयारी सुरू केलीय, मला बोलावलंय, आणि मी झपाटल्यासारखी वाचत सुटलेय!

कळ कुठं आहे माहितीये? डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननी साधा प्रश्न धरून ठेवला: पेशंट आज दवाखान्यात का अडकलाय? दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय? मग एकेक कारणच काढून टाका! मांडीतल्या नसेपाशी दिलेला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक वेदना दाबतो, पण स्नायूंची ताकद बरीचशी राखतो. म्हणून तर लगेच उभं राहता येतं! रक्तस्राव आवरायला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड. त्यावरचं जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो दांपत्याचं संशोधन १९६२चं, आणि जॉन चार्न्लींनी इंग्लंडमध्ये आधुनिक कृत्रिम खुबा बसवायला घेतला तोही १९६२मध्येच! अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं गुडघाबदलासाठी भरतीची सक्ती उठवली ती मात्र थेट २०१८मध्ये.

आणि खरी धमाल पुढंच! निम्मं काम ऑपरेशनच्या आधी, पेशंटच्या घरात. म्हणजे माझ्या हद्दीत! उंबरा किती उंच? जिन्याला कठडा आहे? संडास अंगणापलीकडं असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. वॉकर ऑपरेशनपूर्वीच शिकवा, सुनेलाही शिकवा. हिमोग्लोबिन, साखर आधी ताळ्यावर आणा. हृदय कमजोर असलेल्या आजींना हा मार्ग नको. विमा कंपनीला आधीच विचारा, कारण चोवीस तासांच्या भरतीची अट आडवी येऊ शकते.

घरी सोडायचं तेही घड्याळ बघून नाही. चालता आलं, लघवी झाली, दुखणं गोळ्यांवर आटोक्यात राहिलं, तरच. नाहीतर बिनतक्रार मुक्काम. रात्री दोनला फोन कोण उचलणार, थेऊर फाट्याच्या कोंडीतून परत आणायची वेळ आली तर गाडी कुठली, हेही आधीच ठरलेलं हवं.

सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि मी मिळून पहिली पेशंट निवडणार आहोत. एक्स-रे ते बघतीलच. मी मात्र एकच विचारणार: आजी, पहिल्या रात्री तुमच्याजवळ कोण झोपणार?