सिंधुसागराच्या कांठानें चार दिवस

गाडींतच निजावें, गाडींतच शिजवावें आणि रात्र पडेल तेथें मुक्काम करावा, अशा प्रवासाची हौस साठी उलटल्यावर आम्हांस कां झाली, असें वाचक विचारतील. हौस आमची नव्हे, सौ.ची. तिचें बालपण चिंचणीस गेलें. शाळेंतील तिची जिवलग मैत्रीण जवळच्या पोफरण गांवची. लग्नानंतर दोघींची गांठ नाहीं. ‘एकदां समुद्राच्या कांठाकांठानें जाऊन तिला भेटूं या,’ हें आम्ही कित्येक वर्षें ऐकत आलों होतों. शेवटीं गेल्या माघांत भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली. चाक आमच्या हातीं.

पहिला मुक्काम केळव्यास, सुरूच्या बनाशेजारीं एका वाडींत. शीतलादेवीचें दर्शन घेतलें, पानवेलींच्या बागा पाहिल्या. रात्रीं लाटांच्या आवाजानें झोंप येईना. कीं त्या अरुंद बिछान्यामुळें, तें देव जाणे.

‘कांठाकांठानें’ हा शब्द मात्र दुसऱ्याच दिवशीं खोटा ठरला. सातपाटीस बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत होते. तेथून समोर मुरबें दिसतें, पण मध्यें खाडी. माणूस होडीनें पलीकडे जातो. मोटारीस पालघर-बोईसरवरून मोठा वळसा! हा किनारा खाड्यांनीं असा चिरलेला आहे, हें आम्हीं वर्गांत नकाशावर किती वेळां दाखविलें असेल; गाडीच्या तेलानें तें आम्हांस प्रथमच शिकविलें. वाटेंत पालघरच्या हुतात्मा चौकांत उतरलों. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं येथें गोळीबारांत पांच जण पडले.

बोईसरचे कारखाने मागें टाकून तारापूरच्या किल्ल्यापाशीं आलों. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव कामास आले. वसई पडली ती पुढें मे महिन्यांत. म्हणून लोकांना वसई आठवते, तारापूर नाहीं. आमचें इतिहासकथन चालू असतां सौ. म्हणाली, ‘अहो, किल्ला कुठें जात नाहीं. आधीं पोफरण.’

पण पोफरणच गेलें होतें. तारापूरची अणुवीज १९६९ पासूनची, देशांतील पहिली. पुढें पांचशें चाळीस मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ व २००६ सालीं सुरू झाल्या. त्यांच्यासाठीं पोफरण आणि अक्करपट्टी हीं दोन गांवें उठलीं. आम्हांस हें ठाऊक होतें. सौ.सही ठाऊक होतें. तरी पहारेकऱ्यानें गाडी थांबविली तेव्हां ती कुंपणापलीकडे बराच वेळ पाहत राहिली. आमच्या घरचा पंखा फिरतो, दिवा लागतो, त्यांत या कुंपणाचा कांहीं भाग असेलच. तेव्हां तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

मैत्रीण सांपडली ती किनाऱ्यापासून आंत, पुनर्वसनाच्या वसाहतींत. आधीं ओळखलें नाहीं. मग दोघींनीं एकमेकींचे हात धरले ते सोडीनात. आम्ही ओट्यावर बसलों. ‘घर पक्कें आहे,’ ती म्हणाली, ‘पण रात्रीं समुद्र ऐकूं येत नाहीं. भरती कधीं, ओहोटी कधीं, हें आतां मोबाईलवर बघावें लागतें.’ ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराचें भूमिपूजन झालें. तेव्हांपासून तिकडचे कोळी नातेवाईक येऊन तिला विचारतात, गांव सुटल्यावर पहिल्या वर्षीं काय केलेंस? ती त्यांना काय सांगते, हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं.

निघतांना ती म्हणाली, ‘तुला बोंबील चालायचे नाहींत,’ आणि एक नारळ ओटींत घातला. ‘पूर्वीं दारचा द्यायची. हा बाजारचा आहे, गोड निघेल कीं नाहीं सांगतां येत नाहीं.’

त्या रात्रीं चिंचणीच्या वाळूलगत गाडी लाविली. दक्षिणेकडे दिवे दिसत होते. सौ.नें नारळ फोडला. गोड होता. तिनें लगेच मैत्रिणीस फोन करून तसें कळविलें, आणि पुढें तासभर आम्हांस फोनची गरज भासूं दिली नाहीं.