शिळं पान

शिळा भात ओळखायला नाक पुरतं. दूध नासलंय की नाही ते पातेलं गॅसवर ठेवलं की कळतं. फोनवरचं शिळं पान मात्र ताज्यासारखंच लख्ख दिसतं. त्याला ना वास, ना बुरशी.

माझे वडील, अण्णा, 76 वर्षांचे. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला ते वाईहून साताऱ्याच्या एका रुग्णालयात जातात. रुग्णालयाचं वेबअॅप त्यांच्या फोनवर कायम उघडं असतं. त्यावर 'गुरुवार, सकाळी 10' असं वाचून ते एस.टी.नं गेले, तर डॉक्टर आता मंगळवारी बसतात असं कळलं. काउंटरवरच्या मुलीनं आपल्या संगणकाचा पडदा वळवून दाखवला. तिथे मंगळवारच होता.

"आजोबा, तुम्ही नीट पाहिलं नसेल. नाहीतर कॅश क्लिअर करा."

"पैसे तर मागच्याच वेळी भरलेत," अण्णा म्हणाले.

रांगेतले लोक हसले. घरी आल्यावर अण्णा दोन दिवस गप्प होते. गोळ्या संपत आल्या होत्या ही काळजी होतीच. पण आपल्याला आता धड वाचताही येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं, ते मला जास्त लागलं. मी त्यांचा फोन हातात घेतला. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत गुरुवार होता!

माझा आत्येभाऊ याच क्षेत्रातला. तो म्हणाला, ब्राउझर काटकसरी असतो. एकदा आणलेली फाइल तो साठवून ठेवतो आणि पुन्हा तीच वाढतो. ही साठवण म्हणजे कॅश. किती दिवस ठेवायची हे सर्व्हरनं सांगितलं नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो. पानात शंभर दिवस बदल झाला नसेल, तर आणखी दहा दिवस चालेल, असा साधारण त्याचा हिशेब. त्यात हे अॅप एकपानी. एकदा उतरवलेलं पानच बटणं दाबू तशी रूपं बदलतं. नवं पान मागवलंच जात नाही. डॉक्टरांचे वारही रुग्णालयानं अॅपच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेले. पान जुनं, म्हणून वारही जुना.

उपाय काही कालचा नाही. 1997 साली एचटीटीपीच्या 1.1 आवृत्तीत 'कॅश-कंट्रोल' नावाची सूचना आली. तिच्यातला 'नो-कॅश' हा शब्द मोठा फसवा आहे. त्याचा अर्थ 'साठवू नकोस' असा नाही. 'साठव, पण वाढण्याआधी मला विचार' असा आहे. बदल नसेल तर सर्व्हर नुसता 304 हा आकडा कळवतो, सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. मुळीच साठवायचं नसेल तर 'नो-स्टोअर'. तपासण्यांच्या अहवालांना तेच बरं. अॅपच्या मुख्य पानाला 'नो-कॅश' लावायचं आणि बाकीच्या फाइलींची नावं मजकूर बदलला की बदलायची. मग त्या खुशाल वर्षभर राहोत. नवं पान नव्या नावाचीच फाइल मागणार. अण्णांसारखं ज्यांचं पान आठवडेच्या आठवडे उघडं असतं, त्यांच्यासाठी अॅपनंच अधूनमधून सर्व्हरला विचारायचं, नवं काही आलंय का?

हे सगळं बनवणाऱ्याच्या हातातलं. दुकानदारानं शिळं विकावं आणि गिऱ्हाइकाला घरचं फडताळ घासायला सांगावं, हा कुठला न्याय? रुग्णालयाला मी तसं पत्र लिहिलं, आत्येभावानं सांगितलेल्या सूचनाही जोडल्या. उत्तर आलं नाही. पण तीन आठवड्यांनी अण्णांच्या फोनवर एक पिवळी पट्टी दिसली: 'नवीन माहिती आली आहे. पान ताजं करा.'

अण्णा ती पट्टी चष्मा लावून वाचतात, बोटानं दाबतात. आणि मग निघण्याआधी काउंटरला फोन करून वार विचारून घेतात.