आमची पद्मिनी

आम्ही दोघे भाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. आबांनी फौंड्रीत घाम गाळून घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी दारात उभी होती. इंजिन १०८९ सीसी, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. तिला शर्यतीची करायची, असे आमच्या मनाने घेतले. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, कार्बोरेटरचे जेट बदलले, मागची सीट काढून वजन घटवले. गाडी सुसाट सुटली! रात्री हायवेवर पैज लावायचेही ठरले.

आबांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पोरांनो, तिला पळायला शिकवलंसा, थांबायला कोन शिकवनार?"

आम्ही वरमलो. चारही चाकांना जुने ड्रमब्रेक. त्यांना आम्ही हातही लावला नव्हता. ड्रॅग शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. पण पुढे थांबायलाही मोकळी धावपट्टी लागते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे.

पैज मोडली. लायनर, होस बदलले, सीट परत बसवली. आता शर्यत झालीच तर बंद धावपट्टीवर. रविवारी आई-आबांना घेऊन आम्ही रंकाळ्यावर जातो, सावकाश.