हिरवळीवर भरलेली शाळा

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम लंडन उभे राहते. थेम्स नदी, पार्लमेंटचे मनोरे, धुक्यात बुडालेले रस्ते. ज्यांनी इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आहेत, त्यांना इंग्लंडचे खेडेही ओळखीचे वाटते. वेलींनी वेढलेले दगडी चर्च, रविवारचा घंटानाद, गुलाबाची कुंपणे आणि चहाच्या टेबलाशी बसलेले सौम्य धर्मोपदेशक! हे चित्र खोटे म्हणता येणार नाही. परंतु ते बहुधा बंगल्याच्या खिडकीतून रेखाटलेले असते. शेतमजुराच्या घराच्या उंबरठ्यावरून तेच गाव कसे दिसत असे, हे पाहावयाचे असेल तर, वाचकहो, पूर्व इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात बर्स्टन नावाच्या एका लहानशा गावी चला.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून नॉरिचकडे जाणारी गाडी साधारण दीड तासात डिस या टुमदार बाजारगावी पोहोचते. बर्स्टन तेथून अवघे पाच किलोमीटर. एके काळी बर्स्टनलाही स्वतःचे स्थानक होते. १९६६ मध्ये ते बंद झाले, आणि आता गाड्या गावाजवळून न थांबता धावत जातात. मुलूख सपाट आहे. डोंगर असे कोठे नाहीतच. गव्हाची व सातूची शेते, मधून मधून काटेरी झुडुपांची कुंपणे, आणि वर अफाट पसरलेले आभाळ. गावात सेंट मेरीचे जुने चर्च आहे, पण त्याला मनोरा नाही. अठराव्या शतकात तो कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. चर्चजवळच गावची हिरवळ आहे. या हिरवळीच्या कडेला एक खोलीची, विटांची साधी इमारत उभी आहे. तिच्या दर्शनी भिंतीतील दगडांवर नावे कोरलेली आहेत: खाणकामगारांच्या संघटना, रेल्वे कामगारांच्या शाखा, सहकारी संस्था, मजूर पक्षाच्या शाखा. खेड्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर ही दूरदूरची नावे कशी आली? बर्स्टनची सारी कहाणी या प्रश्नाच्या उत्तरात सामावलेली आहे.

ती समजण्यासाठी त्या काळच्या इंग्रजी गावगाड्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. गाव म्हणजे पॅरिश, अर्थात एका चर्चच्या अधिकाराखालील प्रदेश. पॅरिशचा धर्मोपदेशक, रेक्टर, हा नुसता प्रार्थना सांगणारा पुजारी नसे. पिकाच्या दशमांशावर त्याचा जुना हक्क असे. चर्चची इनाम जमीन त्याच्या ताब्यात असे आणि ती तो खंडाने देत असे. जमीन मोठ्या शेतकऱ्यांकडे, आणि मजुराची राहती जागाही पुष्कळदा त्यांचीच. साहजिकच, ज्याची चाकरी सुटली त्याचे छप्परही गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉरफोकमधील शेतमजुराला आठवड्याला जेमतेम तेरा ते पंधरा शिलिंग मिळत. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडलेली सभा, अस्तित्वात आली होती खरी. पण जेथे भाकरी आणि घर दोन्ही दुसऱ्याच्या हाती, तेथे मत देण्यास हात उचलणे सोपे नव्हते. ज्या वर्षांत इंग्लंडचे राज्य आपल्या देशावर चालू होते, त्याच वर्षांत इंग्लंडातील खेडूत स्वतःच्या गावात असा दबून राहत होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

परंतु याच नॉरफोकमध्ये जागृतीही होत होती. १९०६ मध्ये जॉर्ज एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने शेतमजुरांची नवी संघटना स्थापन झाली. एडवर्ड्स लहानपणी शेतातली पाखरे हाकलण्याचे काम करीत. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर पत्नीकडून झाली. पुढे १९२० मध्ये हाच मनुष्य दक्षिण नॉरफोकमधून पार्लमेंटवर निवडून गेला.

या संघटनेचे एक कार्यकर्ते टॉम हिग्डन हे व्यवसायाने शिक्षक होते. ते स्वतः शेतमजुराचे पुत्र. त्यांच्या पत्नी ॲनी या मुख्याध्यापिका. नॉरफोकमधीलच वुड डॉलिंग गावी शिकवीत असताना, शाळेच्या वयाच्या मुलांना शेतकामाला जुंपण्यावरून त्यांचे तेथील शेतकऱ्यांशी खटके उडाले. १९११ च्या आरंभी परगण्याच्या शिक्षण समितीने या दांपत्याची बर्स्टनला बदली केली. त्याच वर्षी चार्ल्स टकर ईलंड हे रेक्टर म्हणून गावात आले आणि लवकरच शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षही झाले.

ॲनीबाईंची शिकविण्याची रीत गावाला नवी होती. मजुरांच्या मुलांना वाचता, लिहिता यावे, नम्रपणे सलाम करता यावा, एवढे पुष्कळ झाले, असे मानणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. मुलांच्या पायांत जोडे नसतील तर त्या स्वतःच्या पैशाने आणून देत. शाळेची खोली दमट आहे, उजेड अपुरा आहे, अशा तक्रारी त्या वरचेवर करीत. एके दिवशी पावसात भिजत लांबून चालत आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून त्यांनी शाळेत शेगडी पेटविली. व्यवस्थापकांची परवानगी घेतली नव्हती, म्हणून त्याबद्दलही ठपका आला!

इकडे टॉम सायकलवरून गावोगाव हिंडून मजुरांना संघटित करीत होते. मार्च १९१३ मध्ये पॅरिश कौन्सिलची निवडणूक झाली. टॉम हिग्डन यांना सर्वांत जास्त मते मिळाली, त्यांच्याबरोबरचे मजूरही निवडून आले आणि रेक्टरसाहेब पराभूत झाले. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या व्यवस्थेला बसलेला हा पहिला धक्का होता. पण शाळेचे व्यवस्थापक मंडळ निवडणुकीने बदलत नव्हते. वर्षाच्या आतच हिग्डन दांपत्याविरुद्ध आरोप दाखल झाले. मुख्याध्यापिका व्यवस्थापकांशी उद्धटपणे वागतात, हा एक. गावातील एका घरी सांभाळण्यास ठेवलेल्या दोन अनाथ मुलींना त्यांनी मारले, हा दुसरा. ॲनीबाईंनी मारल्याचे साफ नाकारले. चौकशी झाली, आणि ३१ मार्च १९१४ पासून दोघांनाही बडतर्फ करण्यात आले.

यापुढे जे घडले ते कोणाच्याच अपेक्षेत नव्हते. १ एप्रिलच्या सकाळी नवे शिक्षक वर्गात आले, तेव्हा बहुतेक बाके रिकामी होती. शाळेच्या ७२ मुलांपैकी ६६ मुले बाहेर रस्त्यावर होती! त्यांच्या पुढे होती तेरा वर्षांची व्हायोलेट पॉटर. हातांत निशाणे, गळ्यांत पुठ्ठ्याच्या पाट्या, आणि पाट्यांवर एकच मागणी: आमचे शिक्षक आम्हाला परत द्या. चर्चवरून निघून गावाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने मुलांची मिरवणूक गेली. या फेऱ्याला आकारावरून 'कँडलस्टिक', म्हणजे शमादान, असे नाव आहे. वाटेत घराघरांतून आया बाहेर येत होत्या आणि मुलांना खाऊपाणी देत होत्या.

मुलांचा हा हट्ट चार दिवसांत मावळेल, असे अधिकाऱ्यांना वाटले असावे. परंतु आईबाप मुलांच्या पाठीशी उभे राहिले. हिग्डन दांपत्याला शाळेचे घर सोडावे लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. शाळा हिरवळीवर भरू लागली. लोकांनी घरातली टेबले, बाके, खुर्च्या आणून मांडल्या. हजेरी झाली, गणिते झाली, गाणी झाली. थंडीचे दिवस आले तेव्हा एका रिकाम्या सुतारशाळेच्या भिंतींना पांढरा रंग देण्यात आला आणि वर्ग तेथे गेले.

मुले सरकारी शाळेत पाठविली नाहीत म्हणून पालकांवर समन्स निघाले. पहिल्यांदा अडीच शिलिंग दंड, नंतर पाच शिलिंग. आठवड्याच्या मजुरीशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे तिचे ओझे कळते. पण दंड एकट्यादुकट्याने भरावा लागला नाही. हिरवळीवर जमलेल्या लोकांनी वर्गणी करून तो भरला. मुले रोज शिकत तर होतीच. मग त्यांच्या आईबापांना आणखी किती काळ कोर्टात खेचावयाचे? अखेर अधिकाऱ्यांनी खटले थांबविले. मग रेक्टरने दुसरे हत्यार उपसले. चर्चच्या इनाम जमिनीचे तुकडे खंडाने कसणाऱ्या संपवाल्या गरिबांना जमीन सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. बटाटे आणि भाजीपाला पिकविण्यासाठी मजुराला तेवढाच काय तो आधार होता. लोक डगमगले नाहीत. एक मेथडिस्ट धर्मोपदेशक हिरवळीवर येऊन प्रार्थना घेऊ लागले, आणि अनेकांनी रेक्टरच्या चर्चकडे पाठ फिरविली.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. गावातले तरुण रणभूमीवर गेले. तरीही बर्स्टनचा संप विसरला गेला नाही. वृत्तपत्रांतून आणि मजूर संघटनांच्या सभांतून त्याची वार्ता देशभर पसरली होती. वेल्समधील आणि उत्तरेकडील खाणकामगारांनी, रेल्वेच्या कामगारांनी, ज्यांनी बर्स्टन कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा हजारो लोकांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून पैसे पाठविले. त्या पैशातून हिरवळीच्या कडेला शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. १३ मे १९१७ रोजी तिचे दार उघडले, आणि हा मान कोणा पुढाऱ्याला न देता व्हायोलेट पॉटरला देण्यात आला. मिरवणुकीच्या अग्रभागी चालणारी ती मुलगी आता सोळा वर्षांची झाली होती. भिंतीवर कोरलेली नावे त्या देणगीदारांची आहेत.

१९२० मध्ये रेक्टर ईलंड गाव सोडून गेले. शाळा मात्र चालूच राहिली. १९२६ च्या मोठ्या संपाच्या वेळी खाणकामगारांची काही मुलेही येथे शिकावयास आली. सरकारी अनुदान नाही, मोठा आश्रयदाता नाही. दोन शिक्षक आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे लोक, एवढ्याच बळावर पंचवीस वर्षे हे काम झाले. ऑगस्ट १९३९ मध्ये टॉम हिग्डन वारले. वार्धक्याने थकलेल्या ॲनीबाईंना एकटीने शाळा चालविणे शक्य नव्हते, आणि शाळा बंद झाली. ब्रिटनच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ संप म्हणून त्याची गणना होते. १९४६ मध्ये ॲनीबाईही गेल्या.

पंचवीस वर्षांत त्यांना त्यांच्या जुन्या जागा परत मिळाल्या नाहीत. त्या दृष्टीने संप यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. पण आपल्या मुलांना कोणी शिकवावे आणि ती किती शिकावीत, हे ठरविण्यात आपलाही वाटा आहे, ही गोष्ट बर्स्टनच्या मजुरांनी एकदा उच्चारली आणि कधीही मागे घेतली नाही. ज्यांना गमावण्यासारखे फार थोडे होते, त्यांनी तेवढेही पणाला लावून ती उच्चारली. गावातल्या शाळेसाठी स्वतः विटा वाहिलेल्या, शिक्षकाची बदली थांबावी म्हणून तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या आपल्या वाचकांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

आज त्या एका खोलीत छोटेसे संग्रहालय आहे. १९८४ पासून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दूरदूरचे कामगार आणि शिक्षक आपल्या संघटनांचे झेंडे घेऊन येथे जमतात आणि त्याच शमादानाच्या वाटेने फेरी काढतात. वाचकहो, आपण कधी तिकडे गेलात, तर शाळा पाहून झाल्यावर शेजारच्या चर्चच्या आवारातही जा. ज्या चर्चच्या रेक्टरशी त्यांचा एवढा झगडा झाला, त्याच चर्चच्या भूमीत टॉम आणि ॲनी हिग्डन शेजारी शेजारी विसावले आहेत, आणि त्यांची शाळा तेथून हाकेच्या अंतरावर आहे.