चौथी सीट
मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझी विजेवरची टिगोर भिंत आणि खांब यांच्यामध्ये, लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखी अंग चोरून उभी असते. लांबी ३९९३ मिलिमीटर. चिरंजीवांना आता हॅरियर हवी. ती ४६०७!

"बाबा, बॅटरी पंचाहत्तर युनिटांची! आपली सव्वीसची."

"आणि वरचे दोन फूट काय बॅटरीत ठेवू?" मी टेप घेऊन निघालो.

तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, तुझ्या त्या ठेंगण्या गाडीतून उठताना माझे गुडघे रडतात रे. म्हणून तर मी हल्ली 'देवळात गर्दी असते' म्हणते."

मी टेप गुंडाळली. आता सेक्रेटरींना गाठायचं आणि विचारायचं, भिंत जरा सरकून घेईल का?